मोजायचं पाणी

थिंझार: पुन्हा एकदा सांगा. मी लिहून घेणार आहे, तेव्हा नीट विचार करून सांगा.

सो पाइंग: विचार केलाय, बाई. आकडे मी घरात बसून लिहिले. काहिलीपाशी गेलोच नाही.

थिंझार: एकही दिवस नाही?

सो पाइंग: एखाद्या दिवशी गेलो असेन.

थिंझार: आणि बाकीच्या दिवशी का नाही?

सो पाइंग: कंटाळा.

थिंझार: कंटाळा! मग्वेच्या कचेरीतून इथवर मी धूळ खात आले ती या एका शब्दासाठी?

सो पाइंग: दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

थिंझार: को सो पाइंग, काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? काम काय होतं तुमचं? कुंपणातल्या त्या काहिलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी किती उडून गेलं ते मोजायचं, मला फोनवर कळवायचं आणि पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. बस. त्यावरून मी सांगायचे तुमच्या बांबूवर कुठल्या रंगाचं फडकं लावायचं. सात गावं ते फडकं बघत होती.

सो पाइंग: माहीत आहे.

थिंझार: पिवळं लागलं की कोळपणी करून जमिनीची पापडी फोडायची. लाल लागलं की तिळाचं एक रोप ठेवायचं, एक उपटायचं. निम्मं पीक हातानं मारायचं म्हणजे उरलेलं निम्मं जगतं. लोकांना हे पटवायला मला दोन वर्षं लागली. आणि यंदा तीळ उभ्या उभ्या भाजून निघाला तरी तुमच्या दारात हिरवं फडकं!

सो पाइंग: हो.

थिंझार: नुसतं हो काय?

सो पाइंग: लिहा ना, बाई. कंटाळा केला म्हणून लिहा. काम काढून घ्या. मुखियासमोर उभं करायचं तर करा. पण लवकर आटपा.

ओन क्यिन: लवकर कशाला? आधी चहा घेऊ दे त्यांना. घ्या, बाई. हा ताडगूळ. चहाबरोबर भाजलेले तीळ द्यायची रीत आमच्याकडे, पण यंदा तीळ म्हणाल तर दातात अडकायलाही नाही. शेंगदाणे आहेत, गेल्या सालचे. खवट लागला तर खुशाल थुंका.

थिंझार: कशाला त्रास घेतलात, मावशी. बसा तुम्ही.

ओन क्यिन: बसतेच आहे. माझे गुडघे आधी सूचना दिल्याशिवाय वाकत नाहीत. काय केलंय आमच्या जावईबापूंनी? मघापासून तोंड असं करून बसलाय, जशी दावणीची म्हैस मेली.

सो पाइंग: आई, तुम्ही वर जाऊन पडा. ऊन झालंय.

ओन क्यिन: वर कशाला जाऊ? घर माझं आहे. घरजावई तू आहेस. सांगा हो बाई, काय केलंय यानं?

थिंझार: ते म्हणतात, काहिलीचे आकडे त्यांनी मनानं लिहिले. न मोजता.

ओन क्यिन: कोण? हा?

थिंझार: असं म्हणतात.

ओन क्यिन: अहो, हा माणूस आमटीत मीठ घालताना चमचा डोळ्यासमोर आडवा धरतो! लग्नात सगळं गाव नाचत होतं आणि हा मांडवाचे बांबू मोजत होता. याला खोटं बोलता आलं असतं तर माझी न्वे जरा सुखात राहिली असती. निदान भाजी चांगली झालीय असं तरी कधी म्हणाला असता!

सो पाइंग: आई, कृपा करा.

ओन क्यिन: कसली कृपा? विहारातली दुसरी घंटा झाली की हा उठतो, ती मोजायची आकडीची काठी घेतो आणि कुंपणात शिरतो. रोज. ताप असला तरी. मी या दोन डोळ्यांनी बघते. लिहा तुमच्या कागदावर, सासू म्हणते जावई खरा आहे. सासू असं म्हणते म्हणजे केवढी साक्ष झाली!

थिंझार: मग पाणी उडालं नाही असं कसं होईल, मावशी? तीळ जळला ना?

ओन क्यिन: जळला. ते मला काय विचारता? पेरणीला पाऊस झाला, रान असं हिरवं झालं की डोळे निवले. मग तो मेला वारा सुटला. मला वाटलं चार दिवसांचा असेल.

थिंझार: हा दुष्काळ तसाच येतो. एरवीचा दुष्काळ पाऊल वाजवत येतो, महिने महिने आधी कळतं. हा येतो तेव्हा रान हिरवंच असतं. ऊन आणि वारा मिळून आठ-पंधरा दिवसांत जमिनीतली ओल पिऊन टाकतात आणि पानं माना टाकतात तोवर सगळं संपलेलं असतं. डोळ्यांना दिसायच्या आधी तो एकाच ठिकाणी दिसतो. काहिलीत. पाणी भराभर उडायला लागतं. म्हणून तर ती ठेवली.

ओन क्यिन: हे मला नव्हतं ठाऊक.

थिंझार: तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

ओन क्यिन: मला कोण सांगणार? आधी ती काहील विहाराच्या आवारात होती. तिथल्या चिंचेची सावली पडायला लागली म्हणून हिवाळ्यात आमच्या परसात आणून ठेवली. हा म्हणाला, सरकारची आहे, लाथ लागू देऊ नका. बस. एवढंच सांगितलं.

सो पाइंग: आई, चहा गार झाला. बाईंना दुसरा आणा.

थिंझार: चहा राहू दे. को सो पाइंग, हे बघा. तुमचेच आकडे आहेत, पीक जळण्याआधीचे. दोन मिलिमीटर, अडीच, दोन, दोन. मध्येच एक आठ. पुन्हा दोन, दोन. मग नऊ. पुन्हा दोन. कचेरीत आम्ही म्हटलं, त्या दिवशी कुत्र्याबित्र्यानं पाणी प्यायलं असेल. ते मोठे आकडे चूक धरून आम्ही काढून टाकले.

सो पाइंग: बरोबरच केलंत.

थिंझार: परवा माझी नजर भिंतीवरच्या पंचांगावर गेली. मोठे आकडे आलेत ते सगळे दिवस उपोसथाचे आहेत. अष्टमी, पौर्णिमा, पुन्हा अष्टमी, अमावास्या. एक चुकत नाही. आता मला सांगा, घरात बसून खोटं लिहिणारा माणूस पंचांग बघून लिहितो का?

सो पाइंग: उपोसथाला खोटं बोलू नये म्हणतात. तेवढ्या दिवशी जाऊन मोजायचो.

थिंझार: वा! हे रात्री जागून शोधलंत वाटतं?

ओन क्यिन: अरे मेल्या, खोटं न बोलण्याचं शील बारा महिने पाळायचं असतं! उपोसथाला वाढतं ते दुपारनंतर न जेवण्याचं. इतकी वर्षं विहारात जाऊन हेच शिकलास?

सो पाइंग: चुकलं.

ओन क्यिन: नाही, हा काहीतरी लपवतोय. बाई, उपोसथाचं मला काही सांगता येणार नाही. त्या दिवशी मी अंधार असतानाच विहारात जाते ती दुसऱ्या दिवशी हा उठायच्या आधी परतते. त्या दिवशी काहिलीकडे बघायलासुद्धा होत नाही माझ्याच्यानं, मग तिच्यात पाणी...

सो पाइंग: आई!

थिंझार: थांबा. मध्ये बोलू नका. मावशी, तिच्यात पाणी काय?

ओन क्यिन: अं? पाणी घालायला होत नाही, असं म्हणत होते.

थिंझार: एरवी घालता?

ओन क्यिन: आता केलेलं दान असं सांगू नये. पण तुम्ही विचारलंत. घालते. रोज पहाटे, हा उठायच्या आत.

थिंझार: का?

ओन क्यिन: का म्हणजे? वाटेवरची पाणपोई बघितलीत ना येताना? तीस वर्षं झाली, त्या माठांत माझ्या हातून टिपूस कमी पडू दिलेला नाही. वाटसरूनं माठात डोकवावं आणि तळ दिसावा, याच्यासारखी लाज नाही. आणि माझ्याच परसात चार हात रुंद भांडं अर्धमुर्धं पडलंय? चिमण्या काठावर बसून वाकून वाकून दमायच्या, चोच पोचायची नाही. तो लंगडा कुत्रा कुंपणाच्या भोकातून आत यायचा, जीभ लोंबती. मला नाही बघवलं. खुणेपर्यंत भरून टाकायची. काठोकाठ नाही हं! खूण केलीय तिथवरच. सरकारी भांडं आहे, एवढी अक्कल आहे मला.

थिंझार: रोज?

ओन क्यिन: उपोसथ सोडून रोज. गेल्या पंधरवड्यात यानं डासांचं औषध टाकलंय म्हणाला, हात लावू नका म्हणाला. तेव्हापासून बंद आहे. अशा का बघताय माझ्याकडे?

सो पाइंग: बाई, हे लिहू नका. मी सांगितलं तेच लिहा.

ओन क्यिन: काय लिहू नका? सो पाइंग, इकडे बघ. काय लिहू नका?

सो पाइंग: काही नाही, आई.

ओन क्यिन: काही नाही म्हणतोस आणि बाईंच्या कागदावर हात ठेवतोस. बाई, तुम्ही सांगा. मघाशी म्हणालात, पाणी किती उडालं ते मोजायचं.

थिंझार: हो.

ओन क्यिन: म्हणजे ते कमी व्हायलाच हवं होतं.

थिंझार: हो, मावशी.

ओन क्यिन: आणि मी ते भरत होते.

थिंझार: पहाटे तुम्ही भरायचात. हे सकाळी मोजायला जायचे. त्या मधल्या दोन-तीन तासांत जेवढं उडायचं तेवढंच यांना दिसायचं. दिवसभराचं आणि रात्रीचं उडालेलं...

ओन क्यिन: मी भरून टाकलेलं असायचं.

सो पाइंग: आई, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं. लाथ लावू नका म्हणालो, पाणी घालू नका म्हणालोच नाही. मनातच आलं नाही.

ओन क्यिन: तुला कधी कळलं?

सो पाइंग: पंधरवड्यापूर्वी. पोटात दुखत होतं म्हणून पहाटे उठलो. तुम्ही काहिलीपाशी वाकला होता. हातात मामंजींचा चांदीचा वाडगा होता. ओठ हलत होते.

ओन क्यिन: आणि मला म्हणालास, औषध टाकलंय.

सो पाइंग: हो.

ओन क्यिन: तोवर तीळ गेला होता?

सो पाइंग: बोंडं गळून पडली होती. त्याच दिवशी मी लाल फडकं लावलं. कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

ओन क्यिन: बघितलं. चहाच्या टपरीवर हसत होते सगळे. मढं गेल्यावर वैद्य आला म्हणत होते. मीपण हसले रे त्यांच्याबरोबर! माझी न्वे...

सो पाइंग: न्वेचं आता काढू नका.

ओन क्यिन: का नको? तीळ गेला म्हणून पोरगी यांगोनला शिवणाच्या गिरणीत गेली. ट्रकमध्ये बसताना मला म्हणाली, अमे, तू पाणपोईचं पुण्य माझ्या नावानं दे, मला तिकडे बरं मिळेल. आणि मी दिलं! रोज देते! मीच तिला घालवली, आणि वर तिला पुण्य देते!

थिंझार: मावशी, पाणी घ्या जरा.

ओन क्यिन: पाणी नको मला. पाण्याचं नाव काढू नका.

सो पाइंग: म्हणून नको म्हणत होतो, बाई. बघितलंत? आता काय मिळालं तुम्हाला?

थिंझार: खरं मिळालं.

सो पाइंग: खरं काय करायचंय? तीळ परत येणार आहे? म्हातारीनं उरलेले दिवस सुखानं काढले असते. माझं काय, मी काहीही निभावून नेलं असतं. आणि मी अगदीच खोटं बोलत नव्हतो. ऊ फो ह्ला तीन वेळा माझ्याकडे आला होता. हातात ढेकूळ घेऊन. म्हणाला, बघ, ऊन चढायच्या आत पानं मिटायला लागलीत, रोपं उपटू का? मी त्याला काठी दाखवली. म्हटलं, दोनच उडालंय, काका. थांबा. तो थांबला. चार एकर तीळ होता त्याचा. मी पानं बघितली नाहीत, काठी बघितली. तेव्हा दोष माझा आहेच, तो तुम्ही जरा मोठा करून लिहिलात तर काय बिघडलं?

थिंझार: तसं असेल तर माझाही लिहावा लागेल. तुमचे जेवढे आकडे खरे होते तेवढे मी स्वतः खोडले, खोटे तेवढे ठेवले. हिरवं फडकं राहू द्या असं फोनवर सांगणारी मीच.

सो पाइंग: मग तर विषयच संपला. तिघांचा दोष, एकाच्या नावावर टाका.

थिंझार: संपला नाही. ऐका. पूर्वेकडच्या टेकाडावरच्या गावांत भुईमूग आहे. आता फुलांच्या आऱ्या सुटल्यात, त्या जमिनीत शिरल्या तरच शेंग धरते. जमीन कडक झाली तर त्या आत शिरणार नाहीत, वर लोंबत वाळतील. तलावात थोडं पाणी आहे. ते सोडायचं की राखून ठेवायचं, हे परवा ठरणार आहे. तिकडे काहील नाही. वरचे लोक तुमच्या मजीगोनचेच आकडे बघणार. तुम्ही मनानं लिहिलेत असं ठरलं तर हंगामभराचे आकडे टोपलीत जातील आणि ते म्हणतील, पुरावा नाही, थांबा.

सो पाइंग: आणि खरे कळले तर?

थिंझार: तर वारा सुटल्यापासून किती दिवसांत जमीन कशी सुकली ते दाखवता येईल. तोच वारा आता तिकडे आहे. पाणी सुटेल. पण त्यासाठी मावशींनी रोज किती ओतलं ते कळायला हवं, आणि ते कुणाला आठवणार?

सो पाइंग: वाडग्याचं माप मी काढलंय. एक वाडगा ओतला की काहिलीत एक मिलिमीटर चढतो. केसाचा फरक.

थिंझार: कधी काढलंत?

सो पाइंग: त्याच दिवशी दुपारी, आई झोपल्या तेव्हा. आकडे दुरुस्त करता येतील का बघत होतो. पण कुठल्या दिवशी किती वाडगे, ते एकट्या आईंना माहीत. विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

ओन क्यिन: मला आठवतं.

थिंझार: काय, मावशी?

ओन क्यिन: वाडगे. मला आठवतात. पाणी नुसतं कसं ओतायचं? प्रत्येक वाडगा कुणाच्या तरी नावानं. त्याला पुण्य पोचावं म्हणून.

थिंझार: म्हणजे रोज नावं ठरलेली?

ओन क्यिन: ठरलेली नव्हती. वाढत गेली. पेरणीनंतर एकच वाडगा पुरायचा. तो न्वेच्या बापाचा. वारा सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन लागले. दुसरा माझ्या थोरल्याला दिला, इरावतीत बुडाला तो. मला बरं वाटलं. म्हटलं, बरं झालं, पोराला रोज द्यायला मिळेल.

थिंझार: आणि मग?

ओन क्यिन: चार दिवसांनी आई आणि बाप. मग बहीण, खिन. मग ती सुईण, जिनं न्वेला उलटी असताना सोडवलं. मग सासूलाही दिला. सासूला! यावरून समजा किती पाणी उडत होतं.

सो पाइंग: सासूबाईंचं नाव कधी आलं, आई? दिवस आठवतो?

ओन क्यिन: ऊ फो ह्ला ढेकूळ घेऊन आला होता ना पहिल्यांदा? त्या पहाटे. मला आठवतं, मी पायऱ्यांवर बसून विचार करत होते की म्हातारीला दिलं ते तिला आवडलं असेल की नाही, तर हा समोरून आला.

सो पाइंग: ती वद्य सप्तमी होती. दुसऱ्या दिवशी अष्टमी.

थिंझार: थांबा. नवरा, मुलगा, वडील, आई, बहीण, सुईण, सासू. सात. आणि सकाळचे दोन तुमच्या काठीवरचे. नऊ. आणि अष्टमीला, मावशी विहारात असताना, काहिलीनं दाखवलेत... नऊ.

सो पाइंग: जुळलं.

थिंझार: जुळलं. मावशी, पुढं सांगा. सासूच्या नंतर?

ओन क्यिन: पुढं माणसं संपली. माझी स्वतःची मेलेली माणसं तेवढीच. आठवा वाडगा आमच्या लाल बैलाचा. नववा त्याच्या जोडीच्या पांढऱ्याचा. अमावास्येच्या आधी एक पहाट अशी आली की तेवढ्यानंही खुणेला पाणी लागेना. मग एक ओतला, ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी. त्या दिवशी मला भीती वाटली होती, खरं सांगते. मनात आलं, हे भांडं एवढं पाणी पितंय कुठं? तळाला भोक पडलंय की काय? खाली हात घालून बघितलं. कोरडं होतं.

थिंझार: कुणाला सांगितलं नाहीत?

ओन क्यिन: दान केलेलं कुणाला सांगायचं नसतं, पोरी. एवढंच शिकले मी जन्मभर.

थिंझार: पहिल्यापासून सांगा. सावकाश. कोण, कुठल्या दिवशी आलं. को सो पाइंग, तुम्ही तिथी सांगा, मी लिहिते.

सो पाइंग: आई, नसेल सांगायचं तर...

ओन क्यिन: सांगायचंय. त्या टेकाडावरच्या लोकांचा भुईमूग काय माझ्या पुण्यात बुडवू? लिहा, बाई. आणि वर नाव लिहा. दॉ ओन क्यिन, ऊ तून श्वेची बायको, मजीगोन. याचं नाव नको. याच्या नावापुढं एवढंच लिहा, की मोजत होता.

थिंझार: तसंच लिहिते.

ओन क्यिन: आणि गावात मी सांगणार. उद्या पाणपोईवर. तू मध्ये पडायचं नाहीस, सो पाइंग.

सो पाइंग: आई, लोक माफ करणार नाहीत.

ओन क्यिन: मी मागितलीय का माफी? त्यांना कळायला हवं, फडक्याचा दोष नव्हता. नाहीतर पुढच्या साली लाल लागलं तरी हसतील, आणि मग त्यांचा पुढचा तीळही माझ्याच माथी. चला, लिहा. पहिला वाडगा, ऊ तून श्वे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. परसातल्या कुंपणाच्या आत, काहिलीपाशी.)

सो पाइंग: आलात? बसा त्या दगडावर. ऊन लागेल, पदर घ्या डोक्यावर.

ओन क्यिन: किती?

सो पाइंग: दहा.

ओन क्यिन: दहा म्हणजे कुठवर?

सो पाइंग: ज्यांची नावं ठाऊक नाहीत, त्यांच्यापर्यंत.

ओन क्यिन: बाईंना कळवलंस?

सो पाइंग: कळवलं. म्हणाल्या, वरच्या साहेबांनी मावशींचे आकडे दोनदा वाचून घेतले. सासूपाशी आल्यावर हसले म्हणे. उद्या ठरेल. बहुतेक सोडतील पाणी.

ओन क्यिन: हसले? हसू देत.

सो पाइंग: पाणपोईवर काय झालं, आई?

ओन क्यिन: काय व्हायचं? सांगितलं. पहिल्यांदा ऊ फो ह्लाच आला. बायकोला घेऊन तेलाच्या विहिरींवर निघालाय मजुरीला, गाडीत बोचकी. नेहमीसारखा उतरला. मी वाडगा भरून हातात दिला आणि मग सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, पण माझ्याच्यानं झालं नाही.

सो पाइंग: काय म्हणाला?

ओन क्यिन: ऐकून घेतलं सगळं. मग वाडगा जपून फळीवर ठेवला, न सांडता. गाडीत जाऊन बसला.

सो पाइंग: भरलेलाच?

ओन क्यिन: मग बाकीचे आले. त्यांनाही सांगितलं. तू तुझं काम कर. खुणेपर्यंत भर. मी बघते कसं भरतात ते.

सो पाइंग: भरलं. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

ओन क्यिन: मला काय सांगतोस. तो बघ, तो आला लंगडा. भोक बुजव म्हटलं होतं ना तुला.

सो पाइंग: बुजवतो आज. हाकलू का?

ओन क्यिन: थांब, मीच हाकलते. तुझं नाही ऐकणार तो. हाड! हाड रे! हे पाणी तुझ्यासाठी नाही. असा बघू नकोस माझ्याकडे. पाणपोईवर जा, बाळा. आज सगळे माठ भरलेलेच आहेत.